जुन्या कृष्णधवल टीव्हीपुढे रंगचक्र लावायचं असेल तर

प्रश्न असा आला आहे: घरात १९८०च्या आसपासचा २० इंची कृष्णधवल टीव्ही आहे. लाकडी कॅबिनेट, सरकतं शटर, आणि संच अजून चालू. अमेरिकेत पूर्वी अशा संचांपुढे लाल, हिरव्या, निळ्या रंगांची चकती फिरवून रंगीत चित्र दाखवत, हे वाचनात आलं. ते आज घरी करता येईल का, संच न फोडता करता येईल का, आणि चित्र खरंच रंगीत दिसेल का?

करता येईल, संच न फोडता करता येईल आणि चित्र खरोखर रंगीत दिसेल. आपल्याकडे एके काळी पडद्यापुढे वर निळं आणि खाली हिरवं असं प्लास्टिक लावायचे, तसला हा प्रकार नाही. इथे लाल फूल लाल दिसतं, माणसाचा चेहरा चेहऱ्याच्या रंगाचा दिसतो. पण सुरुवात २० इंची संचावर करू नका, आणि चकती कापण्यापासूनही करू नका. जुने सेट दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. या कामाबद्दल एकच गोष्ट आधी मनावर ठसवावीशी वाटते: चकती फिरवणं सोपं आहे. खरी ओढाताण असते ती वेळेची. एका रंगाचं काम करायला बनवलेल्या संचाकडून तीन रंगांना पुरेल एवढी फील्ड काढायची असतात. फील्ड म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने पडद्यावर वरून खाली मारलेली एक फेरी.

कृष्णधवल ट्यूबला रंग कळत नाही, तिला फक्त उजेड कमी-जास्त करता येतो. म्हणून एकाच दृश्याची तीन चित्रं तिच्यावर एकापाठोपाठ एक दाखवायची. पहिल्या फील्डमध्ये दृश्यात लाल किती आहे तेवढंच, दुसऱ्यात हिरवं, तिसऱ्यात निळं. पडद्यापुढे त्या त्या क्षणी त्या त्या रंगाचा फिल्टर आला पाहिजे. हे पुरेशा वेगाने झालं की डोळा तिन्हींची बेरीज करतो. जॉन लोगी बेअर्डने ३ जुलै १९२८ला लंडनमध्ये फिरत्या चकत्यांवर रंगीत दूरचित्रवाणी दाखवली. पण आहे त्याच कृष्णधवल यंत्रणेला जोडायचं उपकरण या दिशेने मन लावून काम केलं ते मेक्सिकोच्या गिलेर्मो गोन्सालेस कामारेना या तरुणाने. त्याच्या उपकरणाला १९४२ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं, आणि पेटंटच्या नावातच ‘अडॅप्टर’ हा शब्द होता. तुमच्या प्रश्नाचा मूळपुरुष तोच.

हे सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर केलं ते अमेरिकेच्या सीबीएस कंपनीने. तिथला अभियंता पीटर गोल्डमार्क १९४०पासून त्याच्या मागे लागला होता. ऑक्टोबर १९५०मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने त्याच्या पद्धतीला मान्यता दिली, प्रतिस्पर्धी कंपनी आरसीए कोर्टात गेली, सर्वोच्च न्यायालयाने मान्यता कायम ठेवली, आणि २५ जून १९५१ला पहिलं व्यावसायिक रंगीत प्रक्षेपण झालं. चार महिने पुरे व्हायच्या आत ते बंद पडलं. कोरियाच्या युद्धासाठी सामग्री वाचवायची म्हणून रंगीत संचांचं उत्पादन थांबवायला सांगितलं गेलं. पण तुमच्या दृष्टीने खरा धडा वेगळा आहे. सीबीएसचं चित्र ४०५ ओळींचं आणि सेकंदाला १४४ फील्डचं होतं. एका फील्डमध्ये निम्म्याच ओळी येतात, म्हणजे ओळींची वारंवारता (सेकंदाला निघणाऱ्या ओळी) २९,१६० हर्ट्‌झ. लोकांच्या घरातले संच होते १५,७५० हर्ट्‌झ आणि ६० फील्डचे. त्यामुळे नुसती चकती लावून भागत नव्हतं. आधी संचाचं स्कॅनिंग बदलणारा अडॅप्टर बसवायचा, तेव्हा कुठे ते प्रक्षेपण कृष्णधवल दिसायचं. मग त्यावर चकतीवाला कन्व्हर्टर, तेव्हा रंग. लाखो संच असलेल्या देशात हे गळी उतरणं अवघडच होतं.

गोल्डमार्कने १४४ हा आकडा उगाच धरला नव्हता. त्याला तिनाने भागलं की ४८ येतात, म्हणजे सेकंदाला ४८ रंगफेऱ्या. सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये २४ चौकटी प्रत्येकी दोनदा दाखवून ४८ लखलख केल्या जातात, त्याच पातळीवर लुकलुकणं आणायचं होतं. आता आपला हिशोब करू. आपला संच ६२५ ओळींचा, ५० फील्डचा, १५,६२५ हर्ट्‌झचा. ५० भागिले ३ म्हणजे सेकंदाला जेमतेम १६.७ रंगफेऱ्या. चित्र रंगीत दिसतं, पण सतत फडफडतं. १९५५च्या सुमाराला अमेरिकेत कॉल-आर-टेल नावाचं एक जोडउपकरण विकत मिळायचं. ते एनटीएससी या नव्या अमेरिकी रंगीत पद्धतीच्या प्रक्षेपणातून रंग वेगळे काढून ६० फील्डवरच चकतीतून दाखवायचं. तिथेही रंगफेऱ्या २०च होत्या. माणसाच्या डोळ्याला हे पुरत नाही.

इथेच एक इशारा, आणि तो हलक्यात घेऊ नका. सेकंदाला साधारण १५ ते २५ लखलख हा फिट येण्याच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक पट्टा आहे, आणि आपले १६.७ नेमके त्यात बसतात. डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, आणि तिथला वेग याहून कमीच होता. घरात कुणाला फिट येत असेल, लहान मुलं असतील, तर ५० फील्डची चकती त्यांच्यासमोर चालवू नका. स्वतःही खोलीत थोडा उजेड ठेवून, लांबून, थोडा वेळच बघा. ५० फील्डचा टप्पा जोडणी तपासण्यासाठी आहे, बसून कार्यक्रम बघण्यासाठी नाही.

आता चकतीचं माप. चकतीचा आस पडद्याच्या मागे ठेवता येत नाही, तो बाजूला ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉनचा झोत चित्र वरून खाली लिहीत जातो. आस डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवला तर फिल्टरची कडसुद्धा पडद्यावरून वरून खाली उतरते, म्हणजे कड आणि झोत एकाच दिशेने चालतात. सहा खणांची चकती घ्या: लाल, हिरवा, निळा, पुन्हा लाल, हिरवा, निळा. दर फील्डला ती ६० अंश फिरते. तीन खणांच्या चकतीपेक्षा निम्मा वेग पुरतो, शिवाय समोरासमोर सारखेच खण असल्याने तोल सांभाळणंही सोपं जातं.

आस पडद्याच्या फार जवळ घेतला तर चकती लहान होते, पण जवळच्या दोन कोपऱ्यांत रंग चुकतो, कारण तिथे फिल्टरची कड फार तिरकी पडते. माझा ठोकताळा असा की चित्राच्या मध्यापासून आस चित्राच्या उंचीच्या सव्वापट अंतरावर असावा. त्या हिशोबाने साडेपाच इंची पोर्टेबलला सुमारे ३२ सेंमी व्यासाची चकती पुरते. १२ इंचीला ७० सेंमी लागते. तुमच्या २० इंचीला जवळजवळ १२० सेंमी! ५० फील्डला चकती मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा १२० सेंमी चकतीच्या कडेचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या पुढे जातो. १५० फील्डला तो तिप्पट होईल. घरातल्या खोलीत असली वस्तू फिरवायची नाही, हे मी ठामपणे सांगतो. ३२ सेंमीची चकती मात्र त्या तिप्पट वेगालाही ताशी ९० किलोमीटरवर राहते, आणि नीट झाकली तर सुरक्षित असते.

म्हणून माझा सल्ला: जुन्या बाजारात साडेपाच इंची कृष्णधवल पोर्टेबल मिळतात. रेडिओसकट, १२ व्होल्टवर चालणारे. त्यांतल्या बऱ्याच सेटना व्हिडिओचं सॉकेट असतं. त्यावर सगळं शिका. पडदा फारच लहान वाटला तर पुस्तकाच्या पानाएवढं प्लास्टिकचं सपाट फ्रेनेल भिंग चकतीच्या पुढे उभं करा. चित्र मोठं दिसतं, चकती तेवढीच राहते.

फिल्टरची कड झोताशी तंतोतंत जुळली पाहिजे अशी समजूत असते, आणि त्यापायी लोक वळणदार खण कापत बसतात. त्याची गरज नाही, आणि त्याचं कारण ट्यूबच्या आतल्या लेपात आहे. कृष्णधवल ट्यूबचा पी-४ फॉस्फर झोत पुढे गेल्यावर मिलिसेकंदाच्या बऱ्याच आत विझत आलेला असतो. म्हणजे पडद्यावरचा कुठलाही ठिपका २० मिलिसेकंदांतला अगदी थोडा वेळच उजळतो, आणि तेवढ्या वेळापुरताच त्याच्यासमोर बरोबर फिल्टर असायला हवा. वर दिलेल्या मापांनी आस ठेवला तर सरळ, चाकाच्या आऱ्यांच्या रेषेत कापलेले खण चालतात आणि चकती दोन्ही बाजूंना दहा-बारा अंश मागे-पुढे झाली तरी रंग बिघडत नाही. मात्र कड नेहमी झोताच्या थोडी पुढे धावेल असंच जुळवा. मागे पडली तर चित्राच्या त्या पट्ट्यात आधीच्या रंगाची झाक येते. रडार किंवा जुन्या ऑसिलोस्कोपच्या रेंगाळत विझणाऱ्या ट्यूब या कामाला बिलकूल चालत नाहीत.

चकती पॉलिकार्बोनेटची करा, दीड मिलिमीटर जाडीची. ॲक्रिलिक दिसायला छान असतं, पण तडकलं तर त्याचे सुरे होतात. मधलं भोक आणि बाहेरचा घेर एकाच वेळी लेझरने किंवा राउटरने कापून घ्या म्हणजे मध्य चुकत नाही. लेझरवाले पॉलिकार्बोनेट घ्यायला कुरकुरतात, कारण ते कडेला जळून पिवळं पडतं, राउटर बरा. दोन खणांच्या मध्ये तीन-चार मिलिमीटरची काळी पट्टी द्या. सांधे त्याखाली झाकले जातात.

फिल्टर कुठले घ्यायचे यावर चित्राचा अर्धा दर्जा ठरतो. शाळेच्या प्रकल्पाला वापरतात तो रंगीत जिलेटीन कागद घेऊ नका. त्याच्या लालमधून हिरवा झिरपतो आणि निळ्यामधून जवळजवळ सगळंच. नाटकाच्या लायटिंगवाल्यांकडे जो उष्णता सोसणारा जिलेटीन असतो तो घ्या. ली कंपनीचे क्रमांक सांगतो: १०६ प्रायमरी रेड, १३९ प्रायमरी ग्रीन, १३२ मीडियम ब्लू. छायाचित्रणातले कोडॅक रॅटन २५, ५८ आणि ४७ हे रंग वेगळे करण्याचे खास फिल्टर, पण ते महाग आणि आकाराने लहान. जिलेटीनला सुरकुती पडली की फिरताना तिथे झळाळी दिसते. त्यामुळे कडांना पातळ दुतर्फी टेप लावून, मधोमध ताण धरून चिकटवा.

लालाची तक्रार सगळ्यांचीच असते. पी-४ फॉस्फर म्हणजे निळा झळकणारा आणि पिवळा झळकणारा अशा दोन भुकट्यांचं मिश्रण. दोन्ही मिळून पांढरं दिसतं, पण त्यात गडद लाल फारच थोडं असतं. निळं भरपूर, हिरवं पुरेसं, लाल तोकडं. उपाय असा की लाल फील्डचा सिग्नल पूर्ण ठेवायचा आणि हिरव्या-निळ्याचा कमी करत आणायचा, करड्या रंगाची पट्टी करडीच दिसेपर्यंत. त्यात एकूण उजेड जातो. फिल्टर धरून मूळ उजेडाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच चित्र उरतं, म्हणून खोलीतला उजेड अगदी मंद हवा. १०६ फार काळवंडला तर १६४ फ्लेम रेड लावा. लाल किंचित नारिंगीकडे झुकतो, पण उजेड चांगला वाढतो. चेहऱ्यांना तो मला जास्त आवडतो.

आणि मग जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये तीन गन, त्यांचे झोत एका ठिकाणी आणायला कन्व्हर्जन्स, रंगाचे डाग घालवायला डीगॉसिंग, उजेडापासून अंधारापर्यंत करडा सारखा राहावा म्हणून तिन्ही गनांची मनधरणी. जुन्या मेकॅनिकांची यात दुपारच्या दुपार जायची. इथे गन एकच. लाल, हिरवं, निळं एकाच झोताने, एकाच काचेवर, एकाच जागी काढलेलं. रंग एकमेकांवर अचूक बसतात, कोपऱ्यातसुद्धा झालर नाही. काळ्याकडे जाताना करड्यात रंगाची झाक येत नाही. गोल्डमार्कच्या रंगांची तारीफ त्याच्या विरोधकांनीही का केली असेल, ते चकतीमागचा गुलाबाचा फोटो बघितला की पटतं.

सिग्नल कुठून आणायचा? दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं जवळपास सगळी बंद झाली, त्यामुळे सिग्नल आपल्यालाच बनवायचा आहे, आणि ही आपल्याला मिळालेली मोठी सोय आहे. ५० फील्डसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं कंपोझिट आउटपुट चालतं. जुन्या मॉडेलांच्या मांडणीत ‘एसडीटीव्ही मोड १८’ हा ‘प्रोग्रेसिव्ह पाल’ प्रकार आहे (पाल म्हणजे आपल्याकडची ५० फील्डची पद्धत). तो घ्या आणि कलर बर्स्ट (रंगीत संचासाठीचा खुणेचा सिग्नल) बंद करा, नाहीतर चित्रावर बारीक जाळी दिसते. प्रोग्रेसिव्ह घ्यायचं कारण, दर फील्डला नवं चित्र टाकता येतं. प्रोग्रॅम एवढाच: रंगीत चित्राचे तीन थर वेगळे करायचे आणि आळीपाळीने पडद्यावर टाकायचे, एकही फील्ड न चुकवता.

जुन्या पद्धतीने, प्रोग्रॅमशिवाय करायचं असेल तर त्याचीही एक सुंदर वाट आहे. १५,६२५ हर्ट्‌झचा आरजीबी (तिन्ही रंग वेगळे असलेला) सिग्नल देणारं काही हाताशी असेल तर एलएम १८८१ या आयसीने सिंकमधून (ओळ आणि फील्ड कधी सुरू होतं ते सांगणाऱ्या पल्समधून) फील्डचा पल्स काढायचा, सीडी ४०१७ काउंटरचं चौथं आउटपुट रीसेटला जोडून तिनापर्यंत मोजायला लावायचं, आणि त्याच्या तीन आउटपुटांनी ॲनालॉग स्विचमधून लाल, हिरवा, निळा आळीपाळीने सोडायचा. पुन्हा सिंक मिसळला की झालं. मेमरी लागत नाही, कारण नको असलेले दोन रंग आपण टाकूनच देतो.

नासाचे रंगीत कॅमेरेही याच तत्त्वावर होते. मे १९६९मध्ये अपोलो १०ने अंतराळातून रंगीत चित्रं पाठवली, ती लेन्समागे चकती फिरवूनच. पण पृथ्वीवर ती फील्ड चुंबकीय तबकडीवर साठवून, तिन्ही रंग एकत्र करून मग प्रक्षेपित केली. म्हणून घराघरांत लुकलुकलं नाही. कॅमेऱ्यात चकती चालते, त्रास होतो तो बघण्याच्या बाजूला.

चकती आणि चित्र एकमेकांना बांधायचं कसं, हा पुढचा भाग. चकतीच्या कडेला एक खूण आणि तिच्यासमोर प्रिंटरमधून निघतो तसला खाचेचा ऑप्टो सेन्सर. दर फेरीला एकच खूण ठेवा. सहा खणांना सहा खुणा करण्याचा मोह होतो, पण त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला तरी चित्र उभं थरथरतं. एका खुणेवरून फेरीचा वेळ मोजायचा आणि त्याचे सहा भाग मायक्रोकंट्रोलरने करायचे. पायवर काम करत असाल तर त्याचा फील्डचा वेग ठरलेला असतो, म्हणून मोटारीने चित्राच्या मागे धावायचं: खूण उशिरा आली तर मोटारीचा पीडब्ल्यूएम (तिला मिळणारी शक्ती) वाढवा, लवकर आली तर कमी करा. सिग्नल स्वतःच्या मायक्रोकंट्रोलरमधून काढत असाल तर उलटं करा. मोटार तिच्या चालीने चालू द्या आणि फील्ड तिच्या खुणेवर सुरू करा. जड चकतीचा वेग एकदम बदलत नाही, टीव्हीचा व्हर्टिकल होल्ड तेवढं सांभाळून घेतो. मी आता दुसऱ्याच पद्धतीने करतो, कारण मोटार ताब्यात ठेवण्याची निम्मी कटकट जाते.

खूण कुठल्या खणाची हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे रंगांचा क्रम आपोआप बसतो. तरी पहिल्यांदा चालवताना लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे आणि खाली करडा, एवढंच चित्र ठेवा. तिन्ही रंग एका घराने सरकलेले दिसले तर सुरुवातीचा खण चुकला. एक रंग बरोबर आणि दोन आपसांत बदललेले दिसले तर चकती उलटी फिरते आहे किंवा खण उलट्या क्रमाने चिकटवले आहेत.

मोटार ट्यूबपासून लांब ठेवा. तिच्या चुंबकामुळे झोत ओढला जातो आणि चित्राची एक बाजू फेरीच्या तालावर डुलते. आस पट्ट्याने फिरवला तर मोटार वीत-दीड वीत बाजूला नेता येते आणि हा त्रास संपतो. चकतीचा तोल बघायला आस मोकळा, आडवा धरून चकती हलकेच फिरवून सोडा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर समोरच्या बाजूला टेपचा तुकडा लावा. कुठेही थांबायला लागली की तोल साधला. पुढे-मागे पॉलिकार्बोनेटची झाकणं आणि घेराला लाकडी चौकट असल्याशिवाय ५०० फेऱ्यांच्या वर जायचं नाही.

आता १५० फील्ड. सेटची ओळींची वारंवारता बदलायच्या भानगडीत पडू नका. लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर १५,६२५ला जुळवलेला असतो. त्याला दुप्पट पळवायला गेलात तर तो आणि त्याचा ट्रान्झिस्टर दोन्ही गमवाल. ओळी तशाच राहू द्या आणि उभं स्कॅनिंग तिप्पट करा. १५,६२५ला १०४ने भागलं की सेकंदाला १५०.२४ फील्ड मिळतात, आणि सहा खणांची चकती मिनिटाला साधारण १,५०२ फेऱ्यांनी फिरते. किंमत अशी की चित्र १०४ ओळींचं होतं. त्यातल्याही पंधरा-सोळा झोत परत वर जाण्यात जातात, कारण झोत वर-खाली वळवणाऱ्या गुंडाळीला (व्हर्टिकल योकला) परतायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो आणि फील्ड आता ६.७ मिलिसेकंदांचंच आहे. साडेपाच इंची पडद्यावर अठ्ठ्याऐंशी ओळी वाटतात तितक्या वाईट दिसत नाहीत. पुढे हात बसला की फील्ड १०४.५ ओळींचं करून इंटरलेस साधा. ओळी एकाआड एक बसून जवळपास दुप्पट बारकावा मिळतो, आणि खण सहा असल्याने प्रत्येक रंगाला दोन्ही प्रकारच्या ओळी वाट्याला येतात.

सेटमध्ये बदल एवढाच: व्हर्टिकल ऑसिलेटरचा टायमिंग कपॅसिटर तिसऱ्या हिश्श्यावर आणायचा, आणि उंची कमी पडली तर रॅम्पचा कपॅसिटरही त्याच प्रमाणात. जुने भाग काढून टाकू नका. पाकिटात घालून आतच चिकटवून ठेवा, म्हणजे सेट केव्हाही मूळ रूपात येईल. काही सेट १५०ला उंचीच देत नाहीत, वरचा भाग दुमडून येतो. अशा वेळी १०० फील्डवर थांबा. रंगफेऱ्या ३३ होतात, लुकलुकणं जाणवतं पण ५०च्या मानाने फार सुसह्य. तरी एक गोष्ट कुठल्याही वेगाला राहतेच: पडद्यापुढून बोट झपकन फिरवलं किंवा नजर एकदम हलवली की कडांना रंगांच्या रेघा फुटतात. चकतीवाल्या डीएलपी प्रोजेक्टरमध्येही काहींना हे दिसतं. पद्धतीतच ते आहे.

तुमच्या २० इंची संचाबद्दल. तो उघडण्याआधी हे जाणून घ्या की त्या काळच्या बऱ्याच संचांत मेनची एक वायर थेट चेसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला असते. पिन उलटी बसली की चेसिस जिवंत. अशा संचाला पायची किंवा कसलीही व्हिडिओ वायर थेट जोडायची नाही. जुन्या व्हीसीआर किंवा व्हिडिओ गेममधला आरएफ मॉड्युलेटर घ्या आणि अँटेनाच्या सॉकेटमधूनच चॅनल ३ किंवा ४वर चित्र द्या. सॉकेटवरचे आयसोलेशन कपॅसिटर शाबूत आहेत का ते आधी मीटरने बघून घ्या. मागचं झाकण काढावंच लागलं तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (संच मेनपासून वेगळा ठेवणाऱ्या) नाही. ट्यूबच्या टोपीखाली पंधरा हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि बंद केल्यावरही तो टिकून राहतो. हे काम ज्याने आधी केलं आहे त्याच्याबरोबरच करा. पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेले असतील तर आधी बदलून घ्या. आपलं फील्ड मेनच्या ५० हर्ट्‌झशी नेमकं जुळत नाही, त्यामुळे ते सुकलेले राहिले तर हमचा (मेनच्या विजेच्या कंपनाचा) आडवा काळा पट्टा एका जागी न राहता पडद्यावरून सरकत राहतो.

चकतीसाठी मात्र या संचाला एक स्क्रूही मारावा लागणार नाही. १२० सेंमीची चकती टाळायची तर पूर्ण पडदा वापरू नका. प्रोग्रॅममधून चित्र पडद्याच्या एका बाजूला, २४ बाय १८ सेंमीच्या खिडकीत आणा, बाकीचा पडदा काळ्या पुठ्ठ्याने झाका, आणि कॅबिनेटच्या पुढे स्वतंत्र स्टँडवर ७० सेंमीची झाकलेली चकती उभी करा. ही खिडकी लिहायला झोताला फील्डचा सुमारे ६० टक्के वेळच लागतो, त्यामुळे कोपऱ्यांत रंग चुकण्याची भीतीही कमी होते. हा संच ५० फील्डवरच ठेवा, व्हर्टिकलला हात लावू नका. स्थिर चित्रं दाखवा, तीही दोन-दोन मिनिटांच्या वर नको. सलग बघण्यासाठी साडेपाच इंची आहेच. त्याची चकती, सेन्सर आणि प्रोग्रॅम आधी चालता करा. मोठ्या संचाला लागणारं बाकी सगळं तेच आहे, फक्त चकती नवी कापावी लागेल.